ग्रेडरचा जबडा

"माझा उपास हाय."

कुणी भाकरी पुढं केली की आमच्या ग्रेडरचं हे ठरलेलं उत्तर. आग्रह झाला की हनुवटीवर आडवा हात धरायचा, मान खाली घालायची आणि विषय बदलायचा. सोमवारी शंकराचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. बुधवारी कुणाचा, असं मी एकदा मुद्दाम विचारलं, तर म्हणाला, आईनं बोललेला नवस हाय. बरं बाबा, म्हटलं. रविवारी गोदाम बंद असायचं, म्हणून एखादा देव सुटला.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेणव्याच्या पुढं रस्त्याला लागून एक गोदाम होतं, तिथं दिवाळीनंतर भाताची खरेदी चाले. मी काट्यावर पोती तोलायचो, तो भात तपासायचा. त्या बाजूला तुम्ही भात घेऊन आला असाल तर तुम्हीही त्याला पाहिलंय. शिडशिडीत, उंच, आणि खालचा जबडा वरच्यापेक्षा बोटभर पुढं आलेला. नाव कुणी घेत नसे. लहानथोर सगळ्यांचा तो ग्रेडरच.

त्याचं काम बघण्यासारखं होतं. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मूठभर भात काढायचा, तळव्यावर चोळायचा, फुंकर मारून तूस उडवायचा आणि एक दाणा डाव्या दाढेखाली धरायचा. कट्ट झालं की "चढव." नाही झालं की "अजून दोन उन्हं दाखव." बस, एवढंच बोलायचा. डोळखांबच्या वरच्या पाड्यांवरून लोक बैलगाडीनं, टेम्पोनं भात आणत. परत न्यायचं म्हणजे जिवावर यायचं. तरी त्याच्याशी कुणी भांडलं नाही. माझ्याशी मात्र काट्यावरून रोज हुज्जत. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी मी गोदामाच्या मागं लघवीला गेलो, तर हा भिंतीकडं तोंड करून बसलेला. भाकरीचे नखाएवढे तुकडे डाळीत भिजवून एकेक मागच्या दाढेकडं बोटानं सरकवत होता. माझी चाहूल लागली तसा थिजला. म्हणाला, "पुढचे दात एकमेकाला लागतच नाय रे. चावताना लोक बघतात." मी आख्ख्या गोदामातला बोलघेवडा. पण हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

मग त्याची दाढ दुखायला लागली. वाशिंदच्या दातांच्या डॉक्टरनं तोंड बघितलं आणि सांगितलं, सगळा भार मागच्या दाढांवर पडतोय, त्या झिजून सपाट झाल्यात, असंच चाललं तर पंचेचाळिशीत एकही राहणार नाही. त्यानं मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात धाडलं. तिथं सांगितलं की आधी दीड वर्ष तारा लावून दात सरळ करायचे, मग खालचा जबडा दोन्ही बाजूंनी कापून मागं सरकवायचा, आणि पुन्हा काही महिने तारा. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता.

पोत्यांच्या थप्पीवर बसून त्यानं मला विचारलं, "ओठ नि हनुवटी बधिर होईल म्हणतात. बहुतेकांची जाणीव परत येते, काहींची नाय येत. काय करू?"

मी म्हटलं, "ओठाचं तुला काय काम? शिटी मारतोस, का बासरी वाजवतोस?"

तो हसला. हनुवटीवर हात धरून. दुसऱ्या आठवड्यात जाऊन सही करून आला. ओठाची जी नस, खालचे दातही त्याच नसेवर असतात, हे त्यानं ऐकलं होतं की नाही, कोण जाणे. आपण भात चावून तपासतो, हे त्यानं डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. ते सांगण्यासारखं काही असतं, असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. आमच्याकडं भात चावून बघतातच.

तारा लागल्या तशी पाड्यावरची माणसं वाकून वाकून त्याच्या तोंडात बघायला लागली. दात सरळ होत गेले तसा जबडा उलट जास्तच पुढं दिसायला लागला. ऑपरेशनआधी तसंच होतं म्हणे. त्याची आई रोज मला ऐकवायची, होता तो बरा होता, तुम्ही सगळ्यांनी मिळून बिघडवलात.

ऑपरेशन पावसाळ्यात झालं, म्हणजे खरेदीच्या दिवसांत खाडा नको. मी घरी भेटायला गेलो तेव्हा तोंड एवढं सुजलेलं की ओळखू येईना. वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधलेले, सहा आठवडे उघडायचे नाहीत. आई नाचणीची आंबील आणि तांदळाची पेज जुन्या लुगड्यातून गाळून द्यायची, तो गालाच्या फटीतून नळीनं ओढायचा. पाटीवर त्यानं मला लिहून दाखवलं, "आता खरा उपास." मी इतका हसलो की त्याच्या आईनं मला बाहेर काढलं.

दिवाळीनंतर तो कामावर आला तो नवाच माणूस. एका म्हाताऱ्यानं त्यालाच विचारलं, जुना साहेब कुठं बदलून गेला? पहिल्याच दुपारी तो आमच्यात मांडी घालून बसला, भाकरीचा चतकोर उचलला आणि पुढच्या दातांनी तोडला. सात वर्षांत पहिल्यांदा. आम्ही सगळ्यांनी बघितलं. मग त्याच्या हनुवटीवरून रक्ताचा ओघळ आला. भाकरीबरोबर ओठही चावला होता, आणि तो मजेत चावतच होता. मी म्हटलं, पूस. त्यानं भलतीकडंच पुसलं.

त्याच संध्याकाळी त्यानं एका पोत्यातले तीन दाणे चावले. एरवी एक पुरायचा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आवाज येतो. पण दात माझे वाटत नाय. कुणाचे तरी उसने आणल्यागत वाटतात."

डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर वाट बघा. तोवर काय करायचं? ओलं भात घेतलं तर गोदामात कुजणार, सुकलेलं परत पाठवलं तर गरिबाचे हाल. तर मीच अक्कल चालवली. दाणा मी चावायचा, मग काट्यावर वजन एकदा वाजवलं तर सुकलेलं, दोनदा वाजवलं तर ओलं. त्याला ते पटत नव्हतं. मी पटवलं. माझ्या तोंडात आठवीपासून तंबाखू नि चुना, हिरड्या भाजून निबर झालेल्या, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

डोळखांबकडच्या एका बाबाच्या भाताला मी दोनदा वाजवलं. ग्रेडर म्हणाला, अजून दोन उन्हं दाखवा. बाबानं निमूट गोदामासमोर ताडपत्री पसरली, भात ओतलं, दोन दिवस पायानं उलथापालथ करत तिथंच राहिला. तिसऱ्या दिवशी ग्रेडरनं मूठभर भात तळव्यावर चोळलं, तर दाणे मोडून कणी झाली. कडकडीत वाळलेलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी काट्याकडं बघितलं.

"बाबा, तुमचं भात पहिल्या दिवशीच सुकलेलं होतं," तो म्हणाला. "चुकी माझी."

बाबा म्हणाला, "नाय साहेब. तुमी सांगितलंत म्हंजे ओलंच असंल."

चावलं मी होतं. तिथं उभा होतो, तोंड होतं मला, आणि मी गप्प राहिलो. त्या वेळी मला काही वाटलंसुद्धा नाही, एवढंच वाटलं की पुढचं पोतं लावावं. आता वाटतं. फार वाटतं.

वर्ष झालं, दुसरंही झालं. ओठाची जाणीव काही परत आली नाही. त्यानं मुरबाडच्या कचेरीत बसून कागद लिहायचं काम मागून घेतलं. आमच्याकडं ओलावा मोजायचं यंत्र आलं, आणि त्या यंत्राशी लोक दररोज भांडायला लागले.

जायच्या दिवशी तो गोदामाच्या दारात पिशवी घेऊन उभा होता. चांगला दिसत होता, खरंच. मला एकदा माफी मागायची होती, पण जीभ उचलेना. त्यालाच ते कळलं असावं. त्यानं माझा हात धरून स्वतःच्या हनुवटीवर ठेवला आणि डोळे मिटले.

"दाब," म्हणाला.

मी दाबलं. मग हात काढून घेतला. तो डोळे मिटून तसाच उभा.

"सोडशील तेव्हा सांग," म्हणाला.