रिकामी चक्की

आमच्या गाण्यातून चक्की काढून टाकणाऱ्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. गाणं म्हणजे चक्कीच होती. बैलबंडीतून बैल काढायचे, मग बंडीही काढायची आणि मालकाला सांगायचं, बघा, रस्ता कसा मोकळा केला. तसं हे झालं.

चक्की रोहणा गावची, वडिलांच्या एका जुन्या दोस्ताची. त्यांना आम्ही काकाजी म्हणतो. भोवतालच्या गावांत विजेच्या चक्क्या येऊन म्हाताऱ्या झाल्या, पण काकाजींची चक्की डिझेल इंजिनावरच. इंजिनाच्या धुराच्या नळीवर त्यांनी एक लोखंडी डबडं उलटं अडकवलेलं. त्यातून दर ठोक्याला पुक्-पुक् निघायचं आणि गावाला कळायचं, चक्की सुरू आहे, दळण आणा. हा आवाज आर्वीपर्यंत जायचा. वारा पाठीशी असला तर आर्वीच्या बाया डोक्यावर डबे घेऊन निम्मी वाट चालून यायच्या आणि मग थांबून एकमेकींना विचारायच्या, आपण निघालो कुठे.

आमचा बँड दोघांचा. मी वर्धेला एका कार्यालयात फायली सरकवतो आणि सुट्टीला रेकॉर्डर घेऊन हिंडतो. एसटीची खडखडणारी खिडकी, जिनिंगमधला कापूस ओढणारा पंखा, जे वाजेल ते धरतो आणि लॅपटॉपवर एकावर एक रचतो. जोडीदार कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. तो बुलबुल-तरंग वाजवतो. त्याच्या चार तारा तुटलेल्या आहेत आणि उरलेल्या मुद्दाम बेसूर लावलेल्या आहेत. मुद्दाम, हे दर वेळी सांगावं लागतं. घरचे विचारतात, गाणं कधी सुरू होणार. तेव्हा ते संपलेलं असतं.

गेल्या वर्षी काकाजींनी विजेची मोटर आणली आणि इंजिन भंगारात द्यायचं ठरवलं. मी धावत गेलो. एकदा तो आवाज धरू द्या म्हटलं. त्यांना पुलगावला लग्नाला जायचं होतं, त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि एकच अट घातली.

"वर्ध्यात वाजवशीन तवा मले बोलावजो. शेवटचं ऐकून घेतो, मंग भंगारवाल्याले देतो."

महिन्याभराने वर्धेच्या एका सभागृहात नव्या संगीताची संध्याकाळ ठरली. आम्हाला बारा मिनिटं मिळाली. काकाजी कडक इस्त्रीचा सदरा घालून एसटीने आले. अख्ख्या गाडीला सांगत आले की आज माह्या चक्कीचा कार्यक्रम आहे. ड्रायव्हरही उतरून मागे येणार होता म्हणतात, पण मग गाडी कोणी नेली असती. काकाजी पहिल्या रांगेत बसले, गुडघ्यांवर हात ठेवून.

मी बटण दाबलं. चक्की आली नाही. मी आवाज वाढवला, तरी नाही. जोडीदाराचं टुण, टुण तेवढं चालू. मागे साउंडवाला उभा होता, कानात बाळी आणि डोळ्यांत दया. तो मला अंगठा दाखवत होता. त्या बारा मिनिटांत माझे एवढे केस पांढरे झाले की उतरल्यावर जोडीदाराने मला आधी ओळखलंच नाही.

खाली येऊन साउंडवाल्याला धरलं. तो अभिमानाने म्हणाला, "सर, तुमच्या ट्रॅकमध्ये लई खरखर होती. मी पूर्ण क्लीन करून दिली."

"भाऊ, ते गाणं होतं."

"मग ते टुणटुण काय होतं?"

जोडीदार त्याच्याशी अजून बोलत नाही. वरून आयोजकांनी माइकवर आमचं कौतुक केलं. शांततेचा इतका धाडसी वापर त्यांनी पूर्वी ऐकला नव्हता म्हणे. रोहणा ते आर्वी ऐकू जाणारं इंजिन, आणि हे मला शांततेची शाबासकी देतात. संताप संताप झाला.

काकाजी अजून खुर्चीतच होते. मला बघून हळूच म्हणाले, "सुरू काऊन नाई झाली? डिझेल सरलं काय?"

त्या प्रश्नाने मी पेटलो. लॅपटॉप उचलला आणि बाहेर आलो. रस्त्यावर साड्यांच्या सेलची जाहिरात करणारा भोंग्याचा ऑटो उभा होता. ऑटोवाल्याला साड्या थांबवायला लावल्या आणि वायर जोडली. चक्की सुटली. चौकातली कबुतरं उडाली ती बहुतेक सेवाग्रामला जाऊन बसली. वाहतूक पोलीस शिटी तोंडात धरून चक्की शोधू लागला. काकाजींनी डोळे मिटले. मी त्यांच्या डोळ्यांतून पाणी येण्याची वाट बघत होतो.

त्यांनी डोळे उघडले. कोरडेठाक.

"रिकामी चालवली तुनं."

खरंच होतं. दळणाला येणाऱ्या बायांचा गोंगाट नको म्हणून मी दळण न टाकताच इंजिन चालवलं होतं.

"दगडावर दगड घासून राह्यला. दाणा कुठी आहे याच्यात? चाळीस वर्सं एक मिनिट रिकामी नाई चालवली म्या, अन् तू तिले चौकात उघडी उभी केली."

सभागृहातल्या सगळ्या जाणकारांना चक्की ऐकायची नव्हती, आणि ज्या एकाला ऐकायची होती त्याने माझे असे वाभाडे काढले. ऑटोवालाही मान हलवून म्हणाला, बरोबर आहे, रिकामी आहे. मी म्हटलं, तुझ्या साड्या वाजव ना बाबा तू.

काकाजींनी तिथूनच भंगारवाल्याला फोन करून थांबायला सांगितलं. शेवटचा आवाज असा राहिला तर लोक म्हणतीन, याच्या चक्कीत दळणच नोतं. मला सांगितलं, रविवारी जवारी घेऊन ये.

तेव्हापासून मी रविवारी दळण वाहतो आहे. ज्वारी धरली, तर म्हणे ओली होती. गहू धरला, तर झिजलेल्या दगडाला टाकीचे घाव घालायचे राहिले होते. चण्याच्या डाळीला तर त्यांनी अर्ध्यातच हात वर करून थांबवलं. एवढा जुलूम कुठल्या उस्तादाने कुठल्या शागिर्दावर केला नसेल. घरात पीठ इतकं साठलं आहे की बायको शेजाऱ्यांना वाटते आणि शेजारी आता दार उघडत नाहीत. मोटर खोक्यातच आहे. बाया त्या खोक्यावर आपले डबे ठेवतात.

गेल्या रविवारी रेकॉर्डिंग अगदी बिनचूक जमत आलं, तसा मला दारात भंगारवाला दिसू लागला. काकाजी दळणात गुंतले होते. मी मागे गेलो आणि नळीवरचं डबडं थोडं ढिलं केलं. पुक् जाऊन फुस्-फुस् होऊ लागलं. बहिऱ्यालाही कळलं असतं.

मग त्यांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. डबड्याकडे बघितलंही नाही.

"पट्टा सैल वाटते," ते म्हणाले. "पुढच्या आइतवारी पाहू."

पट्ट्याला मी हातही लावला नव्हता.