वारेसाठी खणलेला खड्डा

सवाई बेटावरच्या त्या गावातली निम्मी पोरं मोएलागीच्या हातावर जन्मली होती. पण पोटच्या पोरीच्या बाळंतपणाला तिला दवाखान्याच्या दारातच अडवलं. आत गर्दी नको, म्हणाले. फेतुआओ आतून आईला हाका मारत होती आणि गावची ही सुईण बाहेरच्या बाकावर हात चोळत बसली होती. बाळ मेलेलंच जन्मलं. मोएलागीनं निदान बाळामागून पडलेली वार तरी द्या म्हटलं, तर ती केव्हाच जाळून टाकलेली.

वार घरच्या मातीत गेली नाही तर माणूस कुठलाच राहत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. बाळाला अंगणात पुरलं. शेजारी वारेसाठी आधीच खणून ठेवलेला खड्डा मात्र उघडाच राहिला. तो बुजवायला मोएलागीचा हात धजेना.

महिन्याभरानं दवाखान्याची एक बाई कागद घेऊन आली. बाळंतिणींची काळजी नीट घेतली का, हे विचारत ती घरोघर हिंडत होती. शेजारणींनी ‘छान’ सांगून टाकलं होतं. आपल्या चटईवर बसलेल्या पाहुणीला वाईट कोण सांगणार? मोएलागीनंही कोंबडी कापली, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूच्या पानांची पालुसामी वाढली आणि पंख्यानं माशा हाकत बसली. आग लागो असल्या पाहुणचाराला, पण हाडीमाशी मुरलेलं सुटत नाही.

बाईनं विचारलं, “समाधान झालं ना तुमचं?”

फेतुआओनं अंगणातल्या खड्ड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “मी आईला हाका मारत होते...”

मोएलागीनं तिचा गुडघा दाबला. “अशक्त आहे हो अजून पोर. छान केलंत तुम्ही सगळं. घ्या ना, काहीच खाल्लं नाहीत.”

बाईनं कागदावर खूण केली. निघताना खड्ड्याच्या कडेवरून तिचा पाय घसरला. हा कशासाठी खणलाय, तिनं सहज विचारलं.

“पपई लावायचीय,” मोएलागी हसून म्हणाली.

बाई गेली. फेतुआओ आईसमोर येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत ना पाणी होतं, ना राग.

“त्या दिवशी मधे दार होतं, आई. आज कोण होतं?”

मोएलागीला पोरीकडे बघवेना. ती तशीच अनवाणी रस्त्यापर्यंत पळत गेली. बाईची गाडी निघून गेली होती.