खाली कोण हाय?

परभणीच्या स्टेशन रोडवर माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं रोज अकराच्या सुमारास कोपऱ्यातून आरोळी उठायची, "खाली कोण हाय?" नवखं गिऱ्हाईक दचकून स्वतःच्या पायाखाली बघायचं. एका बाईंनी तर दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले होते. मी प्रिंटरमधून डोकं न काढता उत्तर द्यायचो, "कोणी न्हाई, मामा. उघडा." मग माऊस खट्‌ वाजायचा आणि श्रीरंगमामांची पाळी संपायची.

मामांची सगळी नोकरी येलदरीच्या धरणावर दरवाजे उघडण्यात आणि मिटण्यात गेली. निवृत्त होऊन परभणीत आले, पण रिकामं बसवेना. माझ्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांना सल्ले देऊ लागले, तेव्हा धंदा वाचवण्यासाठी मी त्यांना एका जुन्या संगणकावर लढाईचा खेळ लावून दिला. पाळीपाळीचा खेळ. आधी आपण आपली माणसं चौकटीचौकटीनं सरकवायची, मग 'पाळी संपली' हे बटण दाबायचं, मग संगणक त्याची माणसं सरकवतो. दाबलेलं बटण मागं घेता येत नाही. मामा खूश झाले. "हे तर आमच्या दरवाज्यावाणीच हाय. सोडलेलं पाणी परत बोलावता येत न्हाई. म्हणून आधी इचारायचं."

त्या विचारण्यामागे एक गोष्ट होती. ती मी किमान पन्नास वेळा ऐकली आहे. एकदा पाणी सोडण्याआधीचा भोंगा झाला, खाली मोकळं असल्याचा निरोप आला, आणि तो खराही होता. तरी मामा सवयीनं कठड्याशी गेले. तेवढ्या वेळात एक म्हातारी शेळीमागं नदीच्या वाळूत उतरली होती. मामांनी "खाली कोण हाय?" अशी आरोळी ठोकली, ती वर आली, मगच दरवाजा उघडला. "लोकांनी सांगितलं तरी आपण बघायचं," एवढं बोलून मामा चहा मागवत.

वर्षभरात त्यांनी खेळातले सगळे नकाशे संपवले आणि माझ्याकडे बघून मिशीत हसू लागले. तुझ्या संगणकाला अक्कल कमी हाय, असं चारचौघांत म्हणू लागले. आता माझा स्वभाव असा, की कुणी हसलं की मला खोडी सुचते. त्या खेळात आपला स्वतःचा नकाशा बनवता येतो. मी बनवला. मधोमध नदी, नदीवर एकच पूल, पुलावर असा राक्षसी पहारा की अख्खी फौज गेली तरी हलायचा नाही. अकरा सैनिक, त्यातला एक झेंडेवाला, आणि बारावी, मामांना डिवचायला म्हणून, शेळीवाली म्हातारी. ती एका पाळीत एकच चौकट चालणार. झेंडेवाला पलीकडच्या काठाला टेकला की विजय, आणि ते चाळीस पाळ्यांत. थोडक्यात, बाहेर पडायला वाट नसलेला नकाशा. चार दिवस छळायचं, मग टाळी देऊन सांगून टाकायचं, असा माझा बेत होता.

चौथ्या दिवशी मामी डबा घेऊन दुकानात आल्या. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी आता उशीर नको म्हणून तारीख दिली होती आणि मामांनी ती परत पाठवली होती. "नकाशा संपल्याबगर डोळा न्हाई म्हणायलेत," मामी म्हणाल्या. "संजूभाऊ, कधी संपतोय हो तुमचा तो नकाशा?"

 मी हसून काहीतरी बोललो. दुसरी तारीख आली, तीही गेली. मामांचं नाक आता पडद्याला टेकायला लागलं होतं. एकदा रस्ता ओलांडताना रिक्षा त्यांच्या धोतराला घासून गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सकाळी मामा आले तसे मी त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. मुद्दाम केलं, वाट ठेवलेलीच नाही, आता दवाखान्यात चला.

मामांनी शांतपणे पंच्यानं चष्मा पुसला. "तू म्हणतोस वाट न्हाई. बरं. पण मी बघितलं का?"

झालं. म्हणजे माझा गुन्हा कबूल, आणि शिक्षा चालूच. डॉक्टरांनी तिसरी तारीख शुक्रवारची दिली आणि यापुढे आपली जबाबदारी नाही, असं मामींना बजावलं.

बुधवारी मामांनी विचारलं, या डब्याचा आवाज कुठून वाढतो? दुकानात गोंगाट नको म्हणून मी खेळाचा आवाज कायम बंद ठेवायचो. नकाशासुद्धा आवाजाविनाच बनवला होता. मी आवाज वाढवला. मामांनी डोळे मिटले आणि माऊसचा बाण नदीवरून सावकाश फिरवू लागले. प्रत्येक चौकटीला घुऽऽम, घुऽऽम, असा खोल पाण्याचा आवाज. मग एका ठिकाणी छपक. पुन्हा छपक.

"संज्या, इथं गुडघ्याएवढंच पाणी हाय," मामा म्हणाले.

नदी रंगवताना माझा हात चुकला होता. निळ्यात निळी अशी उथळ पाण्याची एक अरुंद पट्टी राहून गेली होती. मलाही ती डोळ्यांनी दिसत नव्हती. धरणावरच्या माणसानं ती कानानं शोधली.

गुरुवारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. मामी स्टुलावर बसल्या. सैनिक एकेक करून त्या उथळ पट्टीतून पलीकडे निघाले, तसा पुलावरचा पहारा वळला आणि पाळीमागून पाळी जवळ येऊ लागला. अडतिसाव्या पाळीला झेंडेवाला काठापासून एका चौकटीवर होता. मी ओरडलो की टेकवा, जिंकलात. मामांनी त्याला पाण्यातच थांबवलं.

"म्हातारी मागं हाय."

"मामा, ती चित्रातली आहे."

"मग? तिला पाणी लागत न्हाई का?"

एकोणचाळीस. म्हातारी झेंडेवाल्याच्या शेजारी आली. पहारा अगदी त्यांच्या मागोमाग.  चाळीस. आधी म्हातारी आणि शेळी वर चढली. मग झेंडेवाला. पडद्यावर रोषणाई झाली. मामांना ती दिसली नसावी. त्यांनी माणसं मोजायला लावली. मामींनी बोट ठेवून मोजली. बारा.

शुक्रवारी मी मामींबरोबर शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर उभा होतो. काल जिंकलेला माणूस आत एवढासा होऊन गेला होता. दार नीट लागलं नव्हतं. आत डॉक्टर म्हणाले, आजोबा, हलायचं नाही, सुरू करतोय.  आणि मग दुकानातलीच ती आरोळी, फक्त जरा कापरी.

"खाली कोण हाय?"

डॉक्टर गोंधळले असावेत. मी दाराच्या फटीला तोंड लावलं.

"कोणी न्हाई, मामा. उघडा."