चाचांनी अडवलेली बढती

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी सुट्या भागांची तपासणी करायचो. आमच्या विभागाचे प्रमुख शहागंजात राहायचे. वयानं वडिलांइतके, म्हणून सगळा कारखाना त्यांना चाचा म्हणायचा. मायक्रोमीटर हातात कसा धरायचा इथपासून माझं सगळं शिक्षण त्यांच्याकडे झालं. आकडा आधी वहीत, मग तोंडात, ही त्यांची शिस्त. घाईनं बोललो की म्हणायचे, "पहले लिखो मियाँ, मग बोला." दुपारी त्यांच्या डब्यातला खिमा आणि माझ्या डब्यातली भाकरी यांची अदलाबदल ठरलेली. चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ज्वारीची गरम भाकरी पानात आली की मला अजून आमच्या तपासणीच्या खोलीतल्या तेलाचा वास येतो.

सहा वर्षांत माझा एकही आकडा त्यांना खोडावा लागला नाही. याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हतो.

सहाव्या वर्षी वरिष्ठ तपासनिसाची जागा निघाली. तिला रात्रपाळी नव्हती. माझी बायको आणि चार वर्षांची मुलगी तेव्हा फर्दापूरला माझ्या आईवडिलांकडे होत्या. माझी पाळी दर आठवड्याला बदलायची, त्यामुळे दोघींना शहरात एकटं ठेवायला मन धजत नव्हतं. ही जागा मिळाली की त्यांना आणायचं ठरलं होतं. मी दोन खोल्याही पाहून ठेवल्या होत्या. उमेदवार दोघंच, मी आणि आणखी एक तपासनीस, आणि शिफारस करायची होती चाचांना.

त्यांनी दुसऱ्याची केली. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला बोलावून स्वतःच सांगितलं.

"माझा कोणता आकडा चुकला, चाचा?"

"आकडा एक भी नै चुकला. लेथवाल्या भाऊचा माल तीन हप्ते वापस जातोय. कायको?"

लेथवरचा हा ऑपरेटर बिडकीनचा. घरची शेती सांभाळून रोज कामावर यायचा. त्याचा माल का परत जातो हे मला माहीत होतं. मशीनवरून उतरवलेला बुश, म्हणजे लोखंडी नळीचा छोटा तुकडा, तो गरम असतानाच मोजायचा. गरम लोखंड थोडं फुगलेलं असतं. मशीनपाशी माप बरोबर यायचं, आणि आमच्या थंड खोलीत तोच बुश बारा मायक्रॉननं बारीक निघायचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, पण आमच्याकडे सूट दहाचीच होती. मी नियमाप्रमाणे लाल कार्ड बांधून माल परत पाठवायचो. एकदा तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "सायेब, तुमच्या थंड खोलीत लोखंडालाबी हुडहुडी भरती व्हय?" लोक हसले होते. खरं तर तो अगदी बरोबर बोलला होता. मी खाली मान घालून कार्डावर सही केली होती.

चाचांना मी कारण सांगितलं.

"मालूम होतं तुम्हाला?"

"हो."

"उसको सांगितलं?"

"त्यानं विचारलं नाही."

"विचारलं ना मियाँ. सबके सामने विचारलं."

राग आला नाही असं म्हणालो तर खोटं ठरेल. त्या दिवशी डब्याची अदलाबदल झाली नाही.

चार दिवसांनी मी मायक्रोमीटर घेऊन लेथपाशी गेलो.

"आता मशीनलाच कार्ड बांधता का?" तो म्हणाला.

मी मायक्रोमीटर त्याच्या हातात दिला. त्यानं गरम बुश मोजला, मी आकडा लिहिला. अर्धा तास बुश तसाच ठेवला आणि पुन्हा त्यालाच मोजायला लावला. त्यानं दोनदा मोजला.

"तीन आठवडं काऊन नाय बोलले ओ?"

"चुकलं माझं," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात त्याच्या मालाला एकच लाल कार्ड लागलं. मग शेजारचे ऑपरेटर हाक मारू लागले आणि रोज तासभर तरी मी मशीनवर घालवू लागलो. अकरा महिन्यांनी दुसरी जागा निघाली. चाचांनी निवृत्तीच्या आधी केलेली शेवटची शिफारस माझी होती.

बायको आणि मुलगी शहरात आल्या, त्याच रविवारी आम्ही चाचांच्या घरी गेलो. चहा आला तसे ते बायकोला म्हणाले, "एक साल तुमको मेरी वजह से थांबावं लागलं बेटी. यानं सांगितलं ना?"

"अकरा महिने," मी म्हणालो.

"यांचं असंच," बायको म्हणाली. "सांगितलं, चाचा. मी तुमच्यावर लई चिडले होते."

"और अब?"

"आहे अजून थोडी."

चाचांनी मान डोलावली आणि आपल्या बशीतली दोन बिस्किटं तिच्या बशीत ठेवली.