गोड वागण्याचा आठवडा

मी टीव्हीवरच्या मालिकांचे संवाद लिहिते. हे कळलं की लोक मला दोनच गोष्टी विचारतात. नट-नट्या पाहिल्या का, आणि ती बाई सारखी रडते कशाला. नट-नट्या मी आजवर पाहिलेल्या नाहीत. वाशीमला माझ्या खोलीत बसून लिहिते, मिटिंगा फोनवर होतात, प्रसंगांचा आराखडा मेलवर येतो आणि संध्याकाळपर्यंत त्यात माणसं बोलती करून पाठवायची असतात. रडण्याचं म्हणाल तर ती रडते कारण मी रडवते. पोटापाण्याचा धंदा आहे, त्याला काय करणार.

प्रेमाचा त्रिकोण आला की आमच्या मुख्य लेखकाचे नियम ठरलेले असतात. पहिला नियम, नायक कोरा राहिला पाहिजे. तो दोन बायकांच्या मधे उभा असतो, पण तिथे स्वतःच्या पायांनी गेलेला नसतो. त्याच्या सरबतात कुणी काहीतरी घातलेलं असतं, नाहीतर डोक्याला मार लागून त्याची आठवण गेलेली असते, नाहीतर आईने शपथ घातलेली असते. दोषी नायक बघणाऱ्यांना चालत नाही म्हणे. मग त्रिकोणात उरतात दोघी, आणि त्यांनी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या.

दुसरा नियम नायिका बिघडवण्याचा. ती एका रात्रीत बिघडत नाही. आधी तिचं रडणं थांबवायचं. मग आठवडाभर तिला गोड वागू द्यायचं. ती सवतीला ताई म्हणते, तिच्या केसांना तेल लावते, तिला आग्रहाने जेवायला बोलावते. बघणारी बाई घरी बसल्या बसल्या ओळखते की आता काहीतरी होणार, आणि तिच्या पोटात गोळा येतो. आठवड्याच्या शेवटी खिरीची वाटी. गोडच पदार्थ हवा, कारण कॅमेऱ्यात वाटी छान दिसते. हे सगळं मुख्य लेखक दर वेळी नव्याने सुचल्यासारखं सांगतो आणि आम्ही दर वेळी नव्याने ऐकल्यासारख्या माना हलवतो.

तर नवरात्र लागलं होतं, आमच्या मालिकेतल्या नायिकेचा गोड आठवडा सुरू व्हायचा होता, आणि आईने मला ताईकडे धाडलं.

ताई माझी सख्खी मोठी बहीण. अनसिंगच्या रस्त्याला तिचं घर आहे, घराला लागूनच वावर. भाऊजी भाजीपाला करतात. वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटे गाडी भरून वाशीमच्या बाजारात माल न्यायचा आणि उन्हं चढायच्या आत परत यायचं. माणूस कष्टाळू, बोलायला मऊ. त्यांची मुलगी अकोल्याला शिकायला असते, म्हणजे घरात दोघंच.

शेजारच्या वावरातली बाई ही त्या घरातली तिसरी. भाऊजींच्या लग्नाआधी तिचीच सोयरीक त्यांच्याशी जुळत आली होती. काहीतरी बिनसलं, तिला दुसरीकडे दिलं, इकडे आमची ताई आली. मग बऱ्याच वर्षांनी ती बाई नवऱ्याला सोडून बापाच्या वावरात परत आली. दोन्ही वावरांची विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. भाऊजींची पाळी संपली तरी भाऊजी विहिरीवरच. गावाला दिसलं, मग ताईला दिसलं, मग कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत ते आईच्या कानावर आलं. आईने मला एवढंच बजावलं की ती रडत असेल तर रडू दे, पण तिला एकटी सोडू नको.

मी गेले तर ताई रडत नव्हती.

तिने मला चहा दिला, आईची तब्येत विचारली, माझ्या बॅगेतले कपडे स्वतः काढून खुंटीला लावले. तिचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ होता. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. मला तिथेच धास्ती बसली, कारण रडून झालेल्या बायकांचे प्रसंग मी लिहिते, त्यांच्यापुढे काय येतं ते मला माहीत होतं. स्वतःला दटावलं, म्हटलं बाई, ही तुझी बहीण आहे, सोमवारचा भाग नाही.

पण दुसऱ्या दिवशी ताईने सांबाराच्या दोन जुड्या बांधल्या आणि त्या बाईच्या घरी पाठवल्या. तिसऱ्या दिवशी बांधावर उभी राहून तिच्याशी बोलली. मी गच्चीवर टिनाच्या सावलीत बसले होते, रेंज तिथेच यायची. कानात मुख्य लेखक सांगत होता की नायिकेने आता सवतीला घरी बोलवावं, आणि समोर माझी बहीण शेजारणीच्या खांद्याला लागलेलं गवत काढत होती. मी मिटिंगमध्ये काय बोलले ते मला आठवत नाही.

वांग्यावर अळी पडते म्हणून भाऊजी फवारणी करतात. त्या औषधाची बाटली विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत फळीवर असायची. मी सहज डोकावले तर फळी रिकामी. भाऊजींना विचारलं, तर "असन तिथंच कुठं," म्हणून ते निघून गेले. संध्याकाळी पिठाच्या डब्यामागून चाळणी काढायला हात घातला आणि तीच बाटली हाताला लागली. स्वयंपाकघरात. मी हात साबणाने धुतला, पुन्हा धुतला, आणि ठरवलं की ताई झोपली की बाटली उचलायची. पण तासाभराने पाहिलं तर डब्यामागे काहीच नव्हतं. विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं आणि तिने हो म्हटलं तर? मी नायिकांना पानभर उत्तरं लिहून देते, पण त्या दिवशी मी चाळणी घेऊन पीठच चाळत बसले.

त्याच रात्री जेवताना ताईने सांगितलं, शुक्रवारी सवासीण जेवू घालायची आहे. देवीच्या नावाने कुणी नवरा हयात असलेली बाई बोलवायची, पाय धुवायचे, ओटी भरायची, आणि ती जेवेपर्यंत आपण पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आमच्याकडे सगळ्याच घरी करतात. कोणाला बोलावलंस, मी विचारलं. ताईने शेजारच्या वावराकडे हात केला. भाऊजी भाकर मोडत होते ते मोडतच राहिले, मान वर केली नाही.

सवासणीचं बोलावणं नाकारता येत नाही. देवीलाच नाही म्हटल्यासारखं होतं ते. आणि ताटात वाढलेलं टाकताही येत नाही. म्हणजे ती बाई येणार आणि सगळं जेवणार. मालिकेत एवढं पक्कं जमवून आणायला आम्हाला चार जणांचं डोकं लागलं असतं.

शुक्रवारी ताई पहाटे उठली. पुरण, कढी, भजी, भरली वांगी, आणि तांदळाची खीर. मी तिच्या पायात पायात घोटाळत होते. हे दे, ते चिरते, मी ढवळते. ती मला एकदाही ओरडली नाही, हेही मला भयंकर वाटलं, कारण स्वयंपाक करताना ओरडत नाही ती आमची ताईच नव्हे. ती फुलं आणायला अंगणात गेली तेव्हा मी पळी खिरीत बुडवली आणि तोंडात घातली.

नैवेद्याच्या आधी. सवासणीच्या आधी. आईने पाहिलं असतं तर मला उभी चिरली असती. मी चुलीपाशी उभी राहून पोटात काही होतं का याची वाट पाहत होते. जीभ पोळली होती, त्यामुळे चव कळेना. मागे वळले तर ताई दारात, हातात झेंडूची फुलं. तिने पळीकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पातेलं उचललं, सगळी खीर नेऊन गाईपुढे ओतली आणि नवे तांदूळ धुवायला घेतले.

गाईने खीर चाटूनपुसून खाल्ली आणि गाईला काही झालं नाही. एखादीला एवढ्यावर हायसं वाटलं असतं. माझ्या डोक्यात एवढंच आलं की आता ही दुसरी खीर कुणीच चाखलेली नाही.

ती बाई आली. मी तिला पहिल्यांदाच जवळून पाहत होते. आमच्या मालिकेत अशा बाईला गडद लिपस्टिक आणि बिनबाह्यांचं ब्लाऊज देतात. हिच्या तळव्यांना भेगा होत्या आणि पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला होता. ती उंबऱ्याशी थांबली, आत येईना. तीही घाबरलेली आहे हे मला तेव्हा कळलं. ताईने परात आणली, तिला पाटावर बसवलं, तिचे पाय हातात घेतले आणि गरम पाण्याने धुतले. भेगांतली माती बोटाने काढली, पुसले, हळद-कुंकू लावलं आणि त्या पायांवर डोकं ठेवलं. ती बाई हमसून रडायला लागली. नवऱ्याला सोडून आल्यापासून तिला कोणी सवासीण म्हणून बोलावलंच नव्हतं. लग्नात नाही, बारशात नाही.

मग ताट. तिने सगळं खाल्लं. खिरीची वाटी उचलली तेव्हा तिचा हात थांबला आणि तिने ताईकडे पाहिलं. ताई पंख्याने वारा घालत होती. मी वाटीला धक्का देऊन ती सांडून टाकावी म्हणून पुढे सरकलेसुद्धा. तेवढ्यात तिने वाटी तोंडाला लावली आणि रिकामी करून खाली ठेवली. ताईने तिची ओटी भरली आणि तिला बांधापर्यंत सोडून आली. ती आपल्या वावरात शिरून कामाला वाकेपर्यंत मी खिडकीतून हलले नाही.

ताई परत येऊन माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली.

"तुले भेव वाटलं न माहं?" ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

"मले बी वाटलं. आलं होतं थे मनात. म्हणूनच तिले बलावलं. जिचे पाय धुतले, जिची ओटी भरली, तिच्यावर मंग हात नाई उचलता येत. माह्याच्यानं त नाई होत. माहे हात मीच बांधून घेतले."

मला रडू फुटलं. इतक्या दिवसांची भीती एकदम बाहेर येत होती आणि मला वाटलं संपलं, सुटलो आपण. पण ताई उठली, अंथरुणांच्या ढिगात हात घातला आणि जुन्या गोधडीच्या घडीतून ती बाटली काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"हे घेऊन जाय तू. मी रोज जागा बदलते, अन् रोज मले आठोते कुठं ठेवली थे."

"कोणासाठी, ताई?"

"थे बी रोज बदलते. कधी ती, कधी हे, कधी मीच." तिने गोधडीची घडी पुन्हा घातली. "तिचं त आज मिटलं."

मुख्य लेखकाचा फोन आला, वाजून वाजून बंद पडला. मी त्या बाटलीला हात लावायला धजत नव्हते आणि ती मांडीवरून खाली ठेवायलाही धजत नव्हते. तिघांतली एक सुटली होती, दोघं अजून या घरातच राहत होती. त्यातली एक माझी बहीण.

भाऊजी आले. पाय धुतले, पाट ओढून बसले, सवासीण जेवली का म्हणून एका शब्दाने विचारलं नाही. ताईने ताट वाढलं, खिरीची वाटी ठेवली. ते जेवायला लागले, तसेच, रोजच्यासारखे, जणू या घरात काही घडतच नव्हतं. तो कोरा चेहरा पाहिला आणि माझी भीती होती तशीच राहिली आणि वरून भाऊजींचा संताप आला. इतके दिवस आम्ही तिघी बायका जिवाच्या आकांताने एकमेकींना घाबरत होतो आणि हा माणूस पुरणपोळीवर तूप मागत होता.

मी बाटली नेऊन त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. "भाऊजी, हे तुमच्या वांग्यांचं औषध. आता तुमी सांभाळा, अन् कुठं ठेवलं ते ताईले समजू देऊ नका. तिच्या मनात रोज कोणी न कोणी येऊन राह्यलं. आज ती बाई नाई. ताई हाये, अन् तुमी."

त्यांचा हात तोंडाशी गेलेला होता, तो तिथेच थांबला. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग खिरीच्या वाटीकडे, जी त्यांनी अर्धी संपवली होती. मग पहिल्यांदा, मी आल्यापासून पहिल्यांदा, त्यांनी ताईच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाई त्यात काई," ताई म्हणाली. "जेवा."

त्यांनी घास ताटात परत ठेवला आणि पाटावरून मागे सरकले.

ताई पहाटेपासून उपाशी होती. ती त्यांच्यासमोर खाली बसली, ते ताट आपल्याकडे ओढलं, त्यांची उष्टी पोळी मोडून त्यांच्याच वाटीतल्या खिरीत बुडवली आणि जेवायला लागली. भाऊजी भिंतीला टेकून तिच्या एकेका घासाकडे बघत राहिले.