उजवी पोटरी, डावा व्हिडिओ

"हा शेवटचा व्हिडिओ कुठल्या पायाचा आहे?" मी विचारलं. सुप्रियानं डावा पाय मागे ओढला. तिची उजवी पोटरी पुन्हा सुजली होती आणि पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, नऊ दिवसांवर आलं होतं. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची भरती.

मी पनवेलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. महिन्यापूर्वी सराव करताना सुप्रियाची पोटरी फाटली, म्हणजे स्नायूचे थोडे तंतू तुटले. अशा वेळी चालतानाचं दुखणं काही दिवसांत थांबतं आणि खरा घोळ तिथूनच सुरू होतो. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं पेशंट परस्पर ठरवतो. म्हणून मी परीक्षा घेते. दुखऱ्या पायावर उभं राहून टाच वीस वेळा उचलायची. न दुखता जमलं, तरच हळूहळू धावणं सुरू. तिचं गाव उरणकडे, रोज येणं जमेना. म्हटलं, व्हिडिओ पाठव.

व्हिडिओ आले, गुडघ्याखालचेच. आठ, बारा, मग एकदम पंचवीस. मी खूश होऊन परवानगी दिली. तिसऱ्याच दिवशी पोटरी पुन्हा गेली.

तिला समोर बसवल्यावर दिसलं, तिच्या डाव्या पायात काळा दोरा आहे. फोन काढला. पहिल्या दोन व्हिडिओंतल्या पायात दोरा नव्हता, तिसऱ्यातल्या पायात होता. हे मला आधीच दिसायला हवं होतं. मी मूर्खासारखी नुसते आकडे मोजत बसले होते.

"मला फसवून काय मिळालं तुला?" माझा आवाज चढला.

"मॅडम, तो पाय बाराच्या पुढं जायनाच. तुमी नायच बोलल्या असत्या."

"त्यासाठीच असते ना ती परीक्षा?"

"ग्राउंड थांबणार हाय काय माझ्यासाठी?"

मी कपाळाला हात लावला. जाऊ नकोस, म्हणून बजावलं. ती गेलीच. आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत लंगडत बाहेर पडली.

त्याच आठवड्यात ती परत आली. राग गेला नव्हता, पण उपचार तर करायचेच. पोटरीवर बोट दाबलं. एरवी मी विचारायच्या आत "नाय दुखत" म्हणणारी ही मुलगी.

"इथं दुखतंय, मॅडम. सकाळी उठताना तर जास्तच."

आता खोटं बोलायचं कारणच उरलं नव्हतं. भरतीची तयारी करणाऱ्यांना मी तेव्हापासून दुखतंय का, असं विचारत नाही. समोर उभं करते आणि दोन्ही पाय बघते.