सोनूबाईंनी किंमत विचारली

सोनूबाईंचा आवाज हसनाबादेत बसथांब्यापासून शाळेपर्यंत ओळखीचा आहे. यात त्यांचा दोष नाही. त्यांचे यजमान रामकिसन यांचा डावा कान लग्नाआधीपासूनच मंद, आणि बियाण्यांच्या दुकानात ते बसतात ते नेमकी डावी बाजू घराकडं करून. त्यामुळं सोनूबाईंना प्रत्येक गोष्ट तीनदा विचारायची सवय लागली. पहिल्यांदा साधं, दुसऱ्यांदा आवाज चढवून, तिसऱ्यांदा समोर उभं राहून, डोळ्यांत डोळे घालून. "जेवायला येता का?" हा प्रश्नसुद्धा तिसऱ्या खेपेला धमकीसारखा ऐकू यायचा. पुढं पुढं ही सवय अशी मुरली, की धडधाकट कानांच्या माणसांनाही त्या तीनदाच विचारायला लागल्या.

परवाच्या हंगामात रामकिसनरावांनी कपाशीचं बियाणं चिक्कार विकलं. जालन्याच्या कंपनीनं खूश होऊन काही निवडक दुकानदारांना ताश्कंदची सहल दिली. एकाला दोन जागा, आणि तीही जानेवारीत, कारण तेव्हा दुकानं थंड असतात आणि तिकडची हॉटेलं स्वस्त. रामकिसनरावांनी दुसऱ्या जागेवर मित्राला, साहेबरावांना न्यायचं ठरवलं होतं.

"मला कामून न्हाई नेत?" सोनूबाईंनी विचारलं.

"तुला थंडी सोसायची न्हाई."

"मला कामून न्हाई नेत?"

तिसऱ्यांदा विचारायला त्या दुकानात आल्या तेव्हा चार गिऱ्हाइकं उभी होती. रामकिसनराव म्हणाले, "पासपोर्टचा फोटो काढून घे."

ताश्कंदला उतरल्यावर थंडी सोसली नाही ती रामकिसनरावांनाच. दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाक गळायला लागलं. तिसरा दिवस मोकळा होता, ज्यानं त्यानं आपल्या मर्जीनं फिरायचं. पुरुषमंडळी गाडी करून बर्फाचा डोंगर बघायला गेली. रामकिसनराव मात्र खोलीतल्या हीटरला पाय लावून, कानावर मफलर गुंडाळून बसले. म्हणजे चांगला कानही बंद.

"तू जाय," ते म्हणाले. "मी हितं बराबर हाये."

सोनूबाई निघाल्या ताहेराभाभींबरोबर. बदनापूरचे ख्वाजामियाँ हेही बियाण्यांचे दुकानदार, ताहेराभाभी त्यांच्या पत्नी. विमानात दोघींच्या खुर्च्या शेजारी आल्या आणि धपाटे नि खजूर यांची देवाणघेवाण झाली, तेवढ्यावर मैत्री जमली. ताहेराभाभींनी बुरख्यावरून मुलाचं, अकिबचं, जाडं जाकीट चढवलं होतं. सोनूबाईंच्या अंगावर साडी, साडीखाली स्लॅक्स, त्याखाली यजमानांचे दोन जोड मोजे, पायात जावयाचे बूट आणि डोक्यावर माकडटोपी. रस्त्यात दोन बायका थांबल्या आणि त्यांनी हौसेनं सोनूबाईंबरोबर फोटो काढून घेतला. सोनूबाईंनी माकडटोपी नीट करून घेतली.

आधी त्या जुन्या मशिदीच्या मोठ्या चौकात गेल्या. तिथं फार जुनं कुराण ठेवलेलं आहे, ते ताहेराभाभींना बघायचं होतं. चौकभर बर्फ पडलेला. जिनिंगच्या आवारात सरकी काढलेला कापूस पसरावा तसा. सोनूबाईंना वाटलं, बर्फ म्हणजे फ्रीजमधल्यासारखा टणक असेल. त्यांनी भीतभीत बूट टेकवला तर तो घोट्यापर्यंत आत गेला. "अगं माय," एवढंच त्या म्हणाल्या आणि मग मुद्दाम, कुणी बघत नाही असं पाहून, सगळ्या कडेनं चालत आपल्या पावलांचे ठसे उठवत गेल्या. कुराण बघताना त्यांनी हात जोडले. बाहेर आल्यावर दोघींनी खिशातले शेंगदाणे खाल्ले आणि बाजार गाठला.

बाजार म्हणजे निळ्या घुमटाखाली भरलेलं भलं मोठं गोल शेड, आणि भोवती दुकानांच्या गल्ल्या. आत शिरताच ताहेराभाभी थबकल्या. कुणी "पियोज" म्हणत होतं, कुणी "गोश्त", कुणी "अनोर".

"भाभी, ये तो अपनीच जुबान है," त्या म्हणाल्या. "प्याज, गोश्त, अनार. आता काय फिकीर न्हाई."

त्यांनी एका भाजीवाल्याकडं जाऊन ऐटीत विचारलं, "सब्जी?" त्यानं लगेच त्यांच्या पुढ्यात पिवळ्या गाजरांचा ढीग लोटला. दुसऱ्यानंही गाजरंच दाखवली. तिसऱ्यानंही. "गाजराला सब्जी म्हणतेत वाटतं," ताहेराभाभी जरा नरमल्या. "बाकी सगळं अपनाच है."

सोनूबाईंचा भाषेशी संबंध आला तो कपड्यांच्या गल्लीत. तिथं एक लांब, गुबगुबीत अंगरखा टांगलेला होता. आत कापूस भरलेला, वरून जांभळी मखमल, गळ्याला आणि बाह्यांना सोनेरी जरीकाम. सोनूबाईंना तो घ्यायचा नव्हता. कापूस कोणत्या धाग्याचा भरलाय ते बघावं म्हणून त्यांनी हात लावला, आणि हात लावलाच आहे तर विचारावं म्हणून विचारलं, "किंमत?"

दुकानदार जाड मिशांचा माणूस. त्यानं छातीवर हात ठेवला, काहीतरी खेदानं बोलला आणि कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून दाखवला. तिकडच्या पैशात शून्यं फार. चष्मा पिशवीच्या तळाशी, आणि ती शून्यं बघून सोनूबाईंना काही बोध होईना. माणसानं तोंडानं सांगावं म्हणून त्यांनी आवाज चढवला.

"किंमत?"

मिशीवाल्यानं आकडा पुसला, नवा दाबला.

"भाभी, कमी केला त्यानं," ताहेराभाभी कुजबुजल्या.

सोनूबाईंना हे खरं वाटेना. खात्री करायला त्या काउंटरला चिकटून उभ्या राहिल्या आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाल्या, "किंमत?"

शेजारचे दोन दुकानदार जमा झाले. मिशीवाल्यानं आभाळाकडं पाहिलं, कॅल्क्युलेटर खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि अर्ध्याहून कमी आकडा दाखवला. मग अंगरखा काढून घडी घालायलाच लागला. आता नको कसं म्हणायचं? सोनूबाईंनी पैसे दिले. 

"मान हाये हितं मोठ्या माणसाला," बाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या. "आपल्याकडं जालन्यात इचारलं तर वरून बोलणी खावी लागतेत."

त्यानंतर दुपारपर्यंत दोघींनी बाजार पालथा घातला. मोजे, चहाच्या वाट्या, बदाम, लेकीसाठी रेशमी ओढणी. प्रत्येक ठिकाणी सोनूबाई पुढं, ताहेराभाभी पिशवी धरून मागं. शेवटी त्या बाहेरच्या दारापाशी आल्या. तिथं एक म्हातारी लेकराच्या जुन्या बाबागाडीत गोल रोट्या घेऊन उभी होती, मधोमध नक्षी उमटवलेल्या, वाफाळत्या. सोनूबाईंनी नेहमीप्रमाणं विचारलं. म्हातारीचा चेहरा पडला. दुसऱ्यांदा विचारल्यावर तिनं रोटी उलटसुलट करून पाहिली. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिनं एकीच्या पैशात दोन दिल्या. सोनूबाईंना वाटलं, माया लावली बिचारीनं.

हॉटेलच्या काउंटरवर नर्गिझा नावाची पोरगी होती. शाळेत हिंदी शिकलेली. ताहेराभाभी नमाजासाठी खोलीत गेल्या, आणि सोनूबाईंनी सगळी खरेदी काउंटरवर मांडली. नर्गिझानं अंगरख्याला काय पडलं ते विचारलं आणि तिला खरं वाटेना.

"कैसे किया आंटी?"

सोनूबाईंनी करून दाखवलं. तिन्ही खेपा, आवाजासकट.

नर्गिझा काउंटरखाली वाकली. खाली काही पडलं असेल असं सोनूबाईंना वाटलं, पण ती हसत होती. डोळे पुसून तिनं सांगितलं, की इकडं किंमत म्हणजे महाग. आंटी दिवसभर बाजारात सगळ्यांना सांगत हिंडल्या, महाग आहे, महाग आहे, फार महाग आहे.

सोनूबाईंना मिशीवाल्याचं काही वाटलं नाही. त्यांना म्हातारीचा पडलेला चेहरा आठवला. त्या तडक वर गेल्या. रामकिसनराव नव्या अंगरख्यात आरशापुढं उभे राहिले, तेव्हा सोनूबाईंनी सगळं सांगितलं आणि परत बाजारात जायचं म्हटलं.

"कशापायी?"

"राहिलेले पैसे द्यायला."

रामकिसनरावांनी मफलर सोडला. "आपण मागून राह्यलो व्हतो का कमी? त्यानं दिलं, आपण घेतलं."

"त्या म्हातारीला मी तोंडावर महाग म्हणले, तेबी तीनदा."

"मला ऐकू येत न्हाई," रामकिसनराव म्हणाले, आणि ते खोटं होतं.

नर्गिझाची पाळी चारला संपली. तिचं घर बाजाराच्याच बाजूला, म्हणून ती सोनूबाईंना बरोबर घेऊन गेली. आधी मिशीवाला लागला. नर्गिझानं त्याला गोष्ट सांगितली तसा तो पोट धरून हसला, शेजाऱ्यांना हाका मारून त्यांनाही हसवलं. मग सोनूबाईंनी पुढं केलेल्या नोटा त्यानं मागं सारल्या आणि काहीतरी बोलला. नर्गिझा सांगायला का कू करत होती.

"वो बोलते हैं, रहने दो आंटी. उतने में भी फायदा हुआ उनको."

सोनूबाईंचा चेहरा बदलला. नोटा पिशवीत गेल्या. "किती?" त्यांनी विचारलं. "किती झाला?" तिसऱ्यांदा विचारायच्या आत नर्गिझानं त्यांचा दंड धरून गल्लीबाहेर काढलं.

म्हातारी निघायच्या तयारीत होती. बाबागाडी रिकामी. सोनूबाईंनी हात जोडले, नर्गिझा बोलली, म्हातारी ऐकत राहिली. मग म्हातारी बोलली आणि नर्गिझा पुन्हा वाकून हसायला लागली. म्हातारीचं म्हणणं असं, की एवढ्या लांबून आलेली बाई तीनदा महाग म्हणते तर खरंच महाग असेल, म्हणून दुपारपासून तिनं सगळ्यांनाच भाव उतरवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा माल दिवस मावळायच्या आत संपला. पैसे नकोत. आंटी इथं आणखी किती दिवस आहेत, तेवढं तिला हवं होतं.

"उद्या चाललो," सोनूबाई म्हणाल्या. म्हातारीनं त्यांच्या माकडटोपीवरून हात फिरवला आणि रिकामी गाडी ढकलत निघून गेली.

जेवणाच्या वेळेपर्यंत सहलीतल्या सगळ्या बायकांना बातमी कळली होती. बर्फाच्या डोंगरावर काय पाहिलं हे पुरुषांना कुणी विचारलंसुद्धा नाही. विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं, त्यामुळं सकाळी नाश्ता अर्धा टाकून साऱ्याजणी सोनूबाईंना घेऊन बाजारात हजर झाल्या. लोकरीच्या शालींचं दुकान होतं. ताहेराभाभींनी त्यांना पुढं उभं केलं आणि बाकीच्या मागं रांगेत थांबल्या.

सोनूबाईंनी शालीला हात लावला. दुकानदारीण आशेनं बघत होती, साधारण त्यांच्याच वयाची, नाक थंडीनं लाल झालेलं. सोनूबाईंनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला आणि तिथंच त्यांना हसू फुटलं. पुन्हा सावरून बघितलं, पुन्हा हसू. दुकानदारीणही कशाला ते न कळता हसायला लागली.

"बोला ना भाभी," ताहेराभाभी मागून म्हणाल्या. "विमान छुटेल."

"न्हाई येत तोंडात आता," सोनूबाई म्हणाल्या. पिशवीतून चष्मा काढून, डोळ्यांवर चढवून त्यांनी कॅल्क्युलेटरवरची शून्यं एकेक करून मोजली आणि दुकानदारणीनं सांगितले तेवढे पैसे तिच्या हातावर ठेवले. मागच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. परतीच्या बसमध्ये साऱ्याजणी सोनूबाईंना सोडून मागच्या बाकांवर बसल्या. मग ताहेराभाभी त्यांच्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी त्या शालीची एक बाजू आपल्याही गुडघ्यांवर ओढून घेतली.